उकाड्यात गोठणारं इंजिन

लग्नाच्या मांडवामागे आचाऱ्याची मोठी शेगडी तासभर धडधडली की शेजारच्या गॅस सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो. कधी तर तळाशी चक्क पांढरा हिमाचा थर धरतो. आत द्रवाचा वायू होत असतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता पत्र्याकडूनच ओढली जाते.

सेसना १५० सारख्या छोट्या विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये हेच घडतं. अरुंद गळ्यातून हवा सुसाट जाते, तिचा दाब उतरतो, त्यात पेट्रोलच्या तुषारांची वाफ होते. एवढ्याने आतलं तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं. म्हणजे बाहेर २४ अंश आणि दमट हवा, आपल्याकडची पावसाळी सकाळच म्हणा ना, तरी थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ धरतो. उतरताना धोका जास्त, कारण तेव्हा पाकळी जवळपास मिटलेली असते आणि उरलेली फट बुजायला कितीसा बर्फ लागतो?

विमानाच्या पंख्याच्या पात्यांचा कोन स्थिर असेल तर बर्फ धरू लागताच इंजिनाचे आरपीएम हळूच उतरतात. वैमानिकाला वाटतं, थ्रॉटल सरकला असेल. तो जरा पुढे ढकलतो आणि खूणच पुसली जाते. यावरचा उपाय म्हणजे ‘कार्ब हीट’ची मूठ पूर्ण ओढायची; एक्झॉस्टभोवती तापलेली हवा आत येते. पण ती विरळ असते, शिवाय वितळलेलं पाणी इंजिनात जातं, त्यामुळे इंजिन आधी जास्तच खोकतं. नवशिके नेमके इथे घाबरून मूठ परत ढकलतात.

काही विमानांत यासाठी तापमापक असतो. तबकडीवर उणे १५ ते अधिक ५ अंश सेल्सिअसचा पिवळा पट्टा. काटा त्यात जाऊ द्यायचा नाही, इतकी हीट द्यायची. मापक नसेल तर अर्धवट हीट नकोच. कडाक्याच्या थंडीत जे कोरडे हिमकण सरळ निघून गेले असते, तेच तिने जेमतेम ओले होऊन चिकटतात.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. तो तापमान सांगतो, बर्फ नव्हे. रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरमध्ये तर सूचनाच आहे: मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब पाऱ्याच्या १८ इंचांखाली गेला की मापकाकडे दुर्लक्ष करा, पूर्ण हीट द्या.

इंजिन बंद पडून विमान शेतात उतरलंच, तर तपास करणारे पोचेपर्यंत तापलेल्या इंजिनाने तो बर्फ वितळवून टाकलेला असतो.