सातबाऱ्यातले घराणे

शेतकऱ्याच्या घरात पूर्वजांचा लेखी वृत्तांत सहसा नसतो. पणजोबांचे नाव आठवते, त्यांच्या वडिलांचे आठवत नाही, आणि त्यापलीकडे ‘आमचे मूळ अमुक गावचे’ एवढेच उरते. तरीही ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली, त्याचा शंभर वर्षांचा वृत्तांत बहुतेक वेळा लिहिलेला असतो. तो तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात दप्तरात बांधून ठेवलेला असतो. कर्जासाठी किंवा पीकविम्यासाठी आपण काढतो तो सातबारा हे त्या वृत्तांताचे अगदी अलीकडचे पान. तो उतारा आपण क्षेत्र आणि नाव बघून घडी घालून ठेवतो. तो घराचा इतिहास म्हणून वाचायला हवा.

या इतिहासाची पहिली पाने पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातली आहेत. प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुस्तकी हिशेबाने साराबंदी केली. ती शेतकऱ्यांना परवडेना, तेव्हा १८३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने मोजणी सुरू केली. एका बैलजोडीच्या आवाक्यातली जमीन हा सर्व्हे नंबरच्या आकाराचा आधार धरला. ३३ फुटी साखळीने शेत मोजले. अशा एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. मग शेतात खड्डे घेऊन मातीची खोली पाहिली. पावणेदोन हात खोल काळी जमीन १६ आण्यांची. खोली कमी झाली, चुनखडी लागली, उतार असला की आणे उतरत. आज सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून जे चार-दोन रुपये दिसतात, त्यांचे मूळ या प्रतवारीत आहे. आपल्या रानाची माती तेव्हा कशी होती, हे त्या फुटकळ वाटणाऱ्या आकड्यातून अजूनही कळते.

मोजणीने खातेदाराचा हक्क पक्का झाला, तसा तो गहाण टाकण्याजोगाही झाला. सावकाराकडे जमिनी जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि पुढे १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. एखाद्या घराची ‘तिकडची पट्टी’ सावकाराकडे कशी गेली, याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. अशा आठवणींना कागदाचा दुजोरा मिळू लागतो तो मात्र नंतरच्या काळापासून. मुंबई इलाख्यात १९०३मध्ये अधिकार अभिलेखाचा कायदा झाला, १९१३मध्ये तो जमीन महसूल संहितेत घेतला गेला, आणि गावोगावी ‘हक्कनोंद’ सुरू झाली.

तेव्हापासून जमिनीच्या हक्कात जे जे बदलले, ते फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, चढू लागले. घराण्याचा इतिहास खऱ्या अर्थाने इथे आहे. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे दिसतात. तो एकेक आकडा म्हणजे एकेक फेरफार. काही नावांना कंस असतो. कंस पडला म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला. तो वारला, त्याने जमीन विकली किंवा हक्क सोडला. वर्तुळातला आकडा धरून फेरफाराची नक्कल काढली की कारण समजते. खातेदार मयत, वारस अमुक, मुलगे सज्ञान की अज्ञान, विधवा कोण, वर्दी कोणी दिली. खाली मंडल निरीक्षकाचा शेरा आणि सही. कोरडी सरकारी भाषा आहे, पण मृत्यू, वाटणी, कर्ज आणि भाऊबंदकी यांतले काही तिने सोडलेले नाही. अंगठ्याच्या निशाणीवरून सहीवर आलेली पिढी कोणती, हेसुद्धा घरातल्या जुन्या खतांवर आणि जबाबांवर दिसते.

दोन छोट्या संक्षेपांशी थोडे थांबले पाहिजे. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान, म्हणून आई किंवा चुलता त्याच्या वतीने नोंदला गेला. तरुणपणी वारलेल्या खातेदाराची आणि पोरे वाढवत शेत राखणाऱ्या बाईची सगळी कहाणी या तीन अक्षरांत असते. दुसरा ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेले की थोरल्या भावाचे नाव लागे आणि धाकटे त्याच्या नावामागे राहत. एकत्र घर चालले तोवर कुणाला काही वाटले नाही. पुढे थोरल्याच्याच मुलांची वारसनोंद झाली आणि धाकट्यांच्या मुलांना आपला हिस्सा सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. गावच्या दिवाणी दाव्यांचे मूळ शोधायला गेलात तर ही तीन अक्षरे वारंवार भेटतील.

बहिणींची नावे तर त्याहून आत दडलेली. कधी ती वारस म्हणून लागलीच नाहीत, कधी ‘इतर हक्कात’ टाकली गेली, आणि लागली तिथे पुढचाच फेरफार बऱ्याचदा हक्कसोडपत्राचा असतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६चा. महाराष्ट्राने १९९४मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, देशभर तो विवाहित-अविवाहित असा भेद न करता २००५मध्ये आला, आणि २००५मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले. कायदा इतका पुढे आला तरी माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करतेच. ज्या बाईने खुरपणीत जन्म घालवला तिचे नाव त्या शेताच्या कागदावर नसावे, हा या अभिलेखातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

कुळकायद्याचा फेरफार असेल तर घराची पूर्वीची ओळखच बदललेली दिसते. १९४८चा कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांमुळे पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातली असंख्य कुळे मालक झाली. कलम ३२-ग खाली किंमत ठरली, ती हप्त्याने फिटली, ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. जमीनमालक विधवा किंवा अज्ञान असेल तर हा दिवस पुढे ढकलला जाई, म्हणून काही घरांत ही नोंद बरीच उशिरा सापडते. एकाच गावात एका घराला हा फेरफार सुटकेचा वाटतो आणि दुसऱ्याला जमीन गेल्याचा. दोघांच्याही आठवणी खऱ्या आहेत.

आता सातबाऱ्यातला ‘बारा’. नमुना सात हक्कांचा, नमुना बारा पिकांचा. त्यात मिश्र पिकाखालचे क्षेत्र, त्यातली घटक पिके, निर्भेळ पीक, जलसिंचित, अजलसिंचित असे रकाने आहेत. जुन्या उताऱ्यांत मिश्र पिकाचा रकाना भरलेला असतो: बाजरीत तूर, मटकी, हुलगा, ज्वारीत करडई, जवस. हे घरात काय शिजत होते आणि तेल कशाचे खात होते, त्याचेच टिपण आहे. मग विहीर होते, कालवा येतो, साधनाच्या रकान्यात नोंद पडते आणि निर्भेळ रकान्यात ऊस बसतो. मराठवाडा-विदर्भात तिथे कापूस आणि नंतर सोयाबीन. मिश्रचा रकाना हळूहळू कोरा पडतो. शेतीतला एवढा मोठा बदल दुसऱ्या कुठल्या कागदावर शेतागणिक, वर्षागणिक मिळणार? तलाठी घरी बसून पीकपाहणी लिहितो ही तक्रार जुनीच. २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोटोसह पेरा नोंदवतो, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी आपले पान आता आपणच लिहितो आहोत.

क्षेत्राचा रकाना मात्र दर पिढीला आखडत गेला. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१मध्ये सरासरी वहितीखातेदारी ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. त्यातून एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कागदावर तुकडे थांबले, बांधावर थांबले नाहीत.

जुनी पाने वाचण्यात मोडीची अडचण आहे. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत, ते गावोगाव कळले. सुदैवाने विसाव्या शतकातले बरेचसे फेरफार बाळबोध लिपीत आहेत आणि अनेक जिल्ह्यांतले जुने अभिलेख स्कॅन होऊन शासनाच्या संकेतस्थळावर आले आहेत. २०२५मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीमही निघाली.

तेव्हा घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर हे काम करा. अर्जात गावाचे नाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक लिहा. जुना सर्व्हे नंबर ठाऊक नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गटवारीचे पत्रक मागा. नकला हातात आल्या की त्या आजीसमोर मोठ्याने वाचा, ती नावे ओळखेल. आणि आत्या-बहिणींची नावे कोणत्या फेरफाराने कमी झाली, ते सगळ्यांत आधी बघा.