पाठांतरातील आनंद : कुंभकोणम् परिसरातील कुराणपठणाच्या निमित्ताने

'घोकंपट्टी' हा मराठीत निंदेचा शब्द आहे. अर्थ न कळता पाठ केलेले ते सारे निर्जीव, अशी आधुनिक शिक्षणविचाराची धारणा त्यामागे आहे. भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासकाला मात्र ती सहजासहजी स्वीकारता येत नाही, कारण त्याच्या अभ्यासविषयाचा मोठा भाग पोथीइतकाच मुखाने टिकविला आहे. या प्रश्नाच्या विचाराला कावेरीकाठचे कुंभकोणम् फार सोयीचे स्थळ होय. येथील वेदपाठशाळेची परंपरा तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांच्यापर्यंत नेली जाते. आणि येथून तंजावरकडे जाताना पापनाशम्‌जवळ राजगिरी, पंडारवाडै यांसारख्या गावी तमिळभाषक मुसलमानांची मोठी वस्ती आहे. लहान मुलांना कुराण पाठ करण्यात आनंद कसा वाटेल, हा प्रश्न तेथील घराघरांचा आहे. तो वाङ्मयविचाराचाही आहे.

तमिळ घरातील मुलाला अरबी भाषा परकी असते, आणि तिचे ध्वनीही परके असतात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांसाठी एकच अक्षर आहे. अरबीत दोन 'क' आहेत : एक मऊ टाळूपाशी उच्चारला जाणारा, दुसरा त्याहून खोल, पडजिभेपाशी. यांची अदलाबदल झाली तर 'हृदय' या अर्थाच्या शब्दाचा 'कुत्रा' होतो. म्हणून उच्चारशास्त्र, म्हणजे तजवीद, बालकाला नियमांनी शिकविता येत नाही. उस्तादाच्या ओठांकडे पाहून आणि त्याचे ऐकूनच ते साधते. अनुकरण ही मुलांची स्वाभाविक क्रीडा आहे. पहिला आनंद येथे आहे.

दुसरा आनंद ग्रंथाच्या रचनेत आहे. कुराणात 114 सूरा आहेत. प्रारंभीची फातिहा झाली की मुलाला सहसा ग्रंथाच्या शेवटाकडे नेतात, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या सूरेत 286 आयती आहेत. उलट शेवटच्या, तिसाव्या भागात 37 सूरा असून त्यांतील बहुतेक लहान आहेत, आणि 'कौसर' तर अवघ्या तीन आयतींची आहे. एका बैठकीत एक संपूर्ण कृती आपलीशी झाली, हे समाधान मुलाला यातून लाभते. अखेरच्या सूरेतील सहाही आयती एकाच ध्वनीने संपतात. पंचावन्नाव्या सूरेच्या 78 आयतींत एकच आयत 31 वेळा येते. आपल्याकडे अभंगाच्या प्रत्येक चरणानंतर टाळकरी ध्रुपदावर विसावतात, तसे नवी ओळ म्हणून मूल ओळखीच्या ओळीवर विसावते. पाठांतराचे सुख बक्षिसांनी बाहेरून आणावे लागत नाही. ते रचनेतच असते, शिक्षकाने ते दाखवून द्यायचे असते.

तिसरा आनंद सहवासाचा आहे. मदरशांत नवा धडा (सबक), अलीकडच्या धड्यांची उजळणी (सबकी) आणि जुन्या पाठाची उजळणी (मंजिल) अशी त्रिविध रीत आढळते. खरी अडचण असते ती सारख्या आयतींची : एका सूरेतून निघालेले मूल नकळत दुसरीत शिरते. वेदपाठकांनी या संकटावर क्रम, जटा, घन या पाठप्रकारांचा उपाय योजिला. जटापाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे असा पदांचा फेर धरला जातो. कुराणाचा शब्दक्रम असा उलटता येत नाही. तेथे रक्षण होते ते दुसऱ्याच्या कानाने. रमजानच्या तरावीहमध्येही मागे उभा असलेला जाणकार पुढच्याची चूक सावरतो. दोन मुले जोडीने बसवून एकाने म्हणावे, दुसऱ्याने चूक पकडावी, मग पाळी बदलावी, असे केले म्हणजे तीच व्यवस्था खेळाच्या रूपाने त्यांच्या हाती येते.

अर्थाचे काय? तमिळ मुसलमानांनी या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच दिले आहे. तमिळ भाषा अरबी लिपीत, अधिक अक्षरांची भर घालून, लिहिण्याची अरबी-तमिळ पद्धती त्यांनी घडविली. 1572 मधील 'आयिर मसला' हा ग्रंथ धर्मज्ञान प्रश्नोत्तरांतून सांगतो. तमिळमधील 'पिळ्ळैत्तमिळ्' हा बालरूप-स्तुतीचा काव्यप्रकार पैगंबरांविषयीही योजिला गेला. मूळ नाद अरबीतून आणि अर्थ मातृभाषेतून, अशी ही वाटणी आहे. 105 वी सूरा हत्तीची, पाच आयतींची. हत्ती घेऊन चालून आलेले सैन्य आणि त्यावर खडे टाकणारे पक्षी, ही कथा आधी तमिळमधून सांगितली तर देवळाच्या दारी हत्ती पाहिलेले कुंभकोणम्‌चे मूल त्या पाच आयती किती उत्सुकतेने म्हणेल!

प्रस्तुत लेखकाने लहानपणी रामरक्षा पाठ केली ती तिन्हीसांजेला आजीच्या सुरात सूर मिसळून. पाऊणकी आणि औटकी पाठ केली ती छडीच्या धाकाने. रामरक्षा अजून ओठांवर आहे. औटकी केव्हाच गेली. कुराण मुखोद्गत करणाऱ्या हाफिजाला तर आयुष्यभर उजळणी करावी लागते. ती सुटली की पाठ निसटू लागतो. धाकाने शिकलेले मूल मोठे होते, धाक संपतो, आणि त्याबरोबर उजळणीही संपते. आनंदाने शिकलेले मूल त्या सूरांकडे आपणहून परत येते. म्हणून मुलांचा आनंद ही पाठांतराला दिलेली सवलत नव्हे. मौखिक परंपरा ज्याच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तो आधारच हा आहे.