चूर्णलेपन

विद्रावकरहित कोरडी रंगीत पूड धातूच्या पृष्ठावर बसवून व उष्णतेने वितळवून तिचा अखंड संरक्षक थर बनविण्याच्या प्रक्रियेस चूर्णलेपन म्हणतात. व्यवहारात ती ‘पावडर कोटिंग’ या नावाने परिचित आहे. पोलादी कपाटे, सायकलींचे सांगाडे, ॲल्युमिनियमच्या खिडक्या इत्यादींसाठी ती वापरतात. जर्मनीतील एर्व्हिन गेमर यांनी १९५० नंतरच्या दशकात तापविलेली वस्तू हवेने तरंगत ठेवलेल्या पुडीत बुडविण्याची पद्धत विकसित केली. स्थिर विद्युत् फवाऱ्याची पद्धत १९६० नंतर प्रचारात आली.

घटक : पुडीत रेझीन, त्यास दृढ करणारे द्रव्य, रंजकद्रव्ये, बेरियम सल्फेटासारखी भरणद्रव्ये आणि थर सपाट पसरविणारी पूरके असतात. हे मिश्रण वितळवून एकजीव करतात व थंड झाल्यावर दळतात. एपॉक्सी, पॉलिएस्टर व या दोहोंचे मिश्रण ही मुख्य रेझिने होत.

लेपन : फवारणीत पुडीच्या कणांना विद्युत् भार देतात, त्यामुळे ते भूसंपर्कित वस्तूकडे आकर्षिले जातात. न चिकटलेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते. नंतर वस्तू भट्टीत सामान्यतः १८०° ते २००° से. तापमानास १० ते २० मिनिटे ठेवतात. वितळलेल्या रेझिनाचे रेणू परस्परांशी जोडले जाऊन सु. ६० ते १०० मायक्रोमीटर जाडीचा थर बनतो व तो पुन्हा तापविल्यास वितळत नाही.

टिकाऊपणा : एपॉक्सीचा थर रसायनांना व गंजण्यास चांगला विरोध करतो, तथापि सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी त्यावर खडूसारखी भुकटी सुटते. म्हणून उघड्यावरील वस्तूंसाठी पॉलिएस्टर वापरतात. अमेरिकी मानकांनुसार इमारतींच्या ॲल्युमिनियमवरील लेपांच्या चाचण्या दक्षिण फ्लॉरिडातील उन्हात प्रतवारीप्रमाणे १, ५ किंवा १० वर्षे घेतात.

बहुधा थर वरून झिजण्यापूर्वीच खालून निकामी होतो. तेल, गंज वा क्षार राहिलेल्या पृष्ठावर तो नीट चिकटत नाही. तीक्ष्ण कडांवर तो पातळ पडतो व तेथूनच गंज आत पसरतो. यासाठी पोलादास फॉस्फेटाची पूर्वप्रक्रिया देतात व कडा गोलसर करतात. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेच्या प्रदेशात पोलादावर आधी जस्ताचा थर देणे हितावह असते. पूर्वप्रक्रिया टाळलेली वस्तू नवी असताना तितकीच चकचकीत दिसते. दोष गंजाचे फुगे आल्यावरच उघड होतो.