पोटातल्या पोटातला अंतर्गळ

अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, म्हटला की जांघेतला किंवा बेंबीपाशी आलेला फुगवटा आपल्या डोळ्यांपुढे येतो. याच घराण्यातला एक प्रकार मात्र असा आहे की, त्याची खूण बाहेर कोठेच उमटत नाही. पोटाच्या अस्तरात किंवा आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात एखादे भोक वा खळगा असतो. त्यात लहान आतड्याचे वेटोळे शिरते व अडकून बसते. आतडे तुंबण्याचे हे कारण विरळा, आणि म्हणूनच फसवे.

पुष्कळदा त्याचे मूळ जन्मापूर्वीचे असते. गर्भावस्थेच्या आरंभी आतडे नाळेत उतरते, वळसा घेते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परतते. एवढी उलाढाल, आणि तीही बहुधा बिनबोभाट पार पडते! क्वचित ती बिघडली, तर जठरालगतच्या आतड्याशेजारी पडद्यामागे पिशवी राहून जाते. जन्मजात प्रकारांत ही सर्वाधिक आढळते, तीही डावीकडे. विन्स्लो या शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव मिळालेले यकृताखालचे द्वार तर आपणा सर्वांच्याच पोटात असते. त्यात आतडे शिरणे मात्र फारच दुर्मीळ.

कित्येकांना जन्मभर पत्ता लागत नाही. काहींना जेवणानंतर अधूनमधून कळ येते, आपोआप थांबते. घरात त्याला 'गॅस' म्हणतात. मग एके दिवशी कळा लाटांसारख्या येऊ लागतात, हिरवट वांती होते, वारादेखील सरत नाही. अशा वेळी आपल्याकडे एरंडेलाची बाटली निघते. आम्हांला येथे स्पष्टच सांगावेसे वाटते, की ती कपाटातच राहू द्यावी. पुढची वाट बंद असताना रेचकाने मार्ग मोकळा होत नाही, कळा व वांत्या मात्र वाढतात. अडकलेल्या वेटोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांतच ते निर्जीव होऊ लागते. कळ थांबून थांबून न येता सलग दुखू लागले, नाडी जलद झाली, की वेळ थोडा उरला असे समजावे.

साध्या क्ष-किरण चित्रात आतडे तुंबल्याचे दिसते. ते का तुंबले, हे बहुधा सी. टी. स्कॅनमध्ये कळते. शल्यचिकित्सक वेटोळे सोडवतात, भोक शिवतात. निर्जीव भाग कापून टोके जोडतात.

अलीकडे लठ्ठपणावरील बायपास शस्त्रक्रियेनंतरही अशा फटी राहू शकतात. वजन उतरले, पडद्यातील चरबी झडली, की त्या रुंदावतात. म्हणून जुनी शस्त्रक्रिया, मग ती कितीही वर्षांपूर्वीची असो, डॉक्टरांना न विचारता सांगावी; शेवटचा वारा केव्हा सरला, तेही सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही, डॉक्टर तोच प्रश्न आधी विचारतात.