स्वस्तात बांधलं, दुप्पट मोजलं

मूळ बेत : १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील अनाहाइम इथे, डिस्नेलँडच्या शेजारी ‘वेस्टकॉट’ हे भव्य उद्यान जाहीर झालं. अंदाजे खर्च ३०० कोटी डॉलर. पण १९९२ मध्ये पॅरिसजवळ उघडलेलं युरो डिस्ने कर्जात रुतलं आणि डिस्ने कंपनीने हात आखडता घेतला. १९९५ मध्ये वेस्टकॉट गुंडाळलं गेलं.

पर्याय : डिस्नेलँडच्या वाहनतळावर, सुमारे ६० कोटी डॉलरमध्ये ‘कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर’ उभं राहिलं. ८ फेब्रुवारी २००१ रोजी ते खुलं झालं. एरवीच्या जत्रेत असतात तसल्या राइड्स पाहून प्रेक्षक नाराज झाले. ‘सुपरस्टार लिमो’ ही राइड तर वर्षभरातच बंद पडली.

कात्री कुठे लागली? : फ्लोरिडातील ‘टॉवर ऑफ टेरर’ या राइडमध्ये प्रवाशांचा डबा लिफ्टच्या शाफ्टमधून बाहेर येतो, अंधाऱ्या दालनातून पुढे सरकतो आणि दुसऱ्या शाफ्टमधून खाली कोसळतो. २००४ च्या कॅलिफोर्निया आवृत्तीत हे दालनच वगळलं गेलं. आडवा प्रवास उरला तो बसायच्या जागेपासून शाफ्टपर्यंतचा, जेमतेम काही फुटांचा.

दुरुस्तीचं बिल : २००७ मध्ये सुमारे ११० कोटी डॉलरची पुनर्बांधणी जाहीर झाली. जून २०१२ मध्ये ‘कार्स लँड’ हा त्यातला विभाग उघडला आणि गर्दी लोटली.

निष्कर्ष : दुरुस्तीची रक्कम मूळ खर्चाच्या जवळपास दुप्पट. पैसे कमी असतील तर बांधकाम टप्प्याटप्प्याने करावं. ज्या अनुभवासाठी प्रेक्षक तिकीट काढतो, त्यालाच कात्री लावू नये.