हीटरची दांडी अडली म्हणून डॅशबोर्ड फोडू नका

निफाडकडची थंडी द्राक्षबागाईतदाराला सांगायला नको. पारा एक आकड्यावर उतरला की बागेत रात्रभर शेकोट्या धुमसत ठेवाव्या लागतात. अशाच एका जानेवारीतल्या पहाटे आईला दवाखान्यात न्यायचे म्हणून दादाने जुनी मारुती ८०० बाहेर काढली. गाडीत आम्ही पाच जण, काचा बंद. गाव सुटले नाही तोच पुढची काच आतून धुरकटली. वहिनी फडक्याने पुसत होत्या, तरी पुन्हा धूसर. हीटरची दांडी गरमच्या बाजूला सरकेना. तेवढ्यात समोर उसाने भरलेली बैलगाडी, मागे ना दिवा ना कंदील! दादाने ब्रेक दाबला म्हणून वाचलो.

१९८३ साली आलेली ही गाडी बनायची थांबली २०१४ मध्ये. पण आपल्याकडे चालती वस्तू कोणी टाकत नाही. अशा जुन्या गाड्यांत डॅशबोर्डाच्या मध्यावर हीटरच्या दांड्या असतात. एक गरम-थंडाची, एक वारा पायाकडे की काचेकडे ते ठरवणारी, एक बाहेरची हवा आत घेणारी. लोक म्हणतात, आपल्या मुलखात हीटर हवा कशाला? पण धुरकटलेली काच साफ करायला तो लागतोच. वारा काचेवर सोडावा आणि हवा बाहेरचीच घ्यावी. आतलीच फिरवली तर श्वासाची वाफ आतच राहते. शिवाय कसारा घाट चढताना इंजिन तापू लागले तर हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवला की इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाते. आत बसणाऱ्याला घाम फुटेल, पण इंजिन वाचेल. अर्थात रेडिएटरमध्ये पाणीच उरले नसेल तर याचा उपयोग नाही. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण चुकूनही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते.

घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, जोर लावून बघू का?" मी नको म्हणेपर्यंत नॉब त्याच्या हातात आला होता. तालुक्याच्या गावच्या एका मेस्त्रीने बघताच सांगितले, सगळा पॅनेल बदला. आम्ही ठरवले, आधी खोलून तर पाहू.

खोलण्याआधी एक परीक्षा करावी. इंजिन गरम करून, मग बंद करून बॉनेट उघडावे. इंजिनाकडून पत्र्यातून आत जाणारे दोन रबरी पाइप दिसतील. दांडी गरमवर ठेवून त्यांना जपून हात लावावा. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरते आहे. एक गरम, एक गार असेल तर पाण्याचा कॉक बंद राहिला आहे किंवा हीटरची जाळी तुंबली आहे. काही गाड्यांत असा कॉकच नसतो, दांडी नुसती आतली झडप फिरवते; तिथे ही परीक्षा कॉकबद्दल काही सांगणार नाही. पायाखालची चटई ओली, काचेवर चिकट थर आणि गोडसर वास असेल, तर जाळी गळते आहे. मग दांड्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता खोलणे. पहिले काम, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचे वजा टोक सोडवणे. पॅनेलमागे दिव्याच्या आणि पंख्याच्या वायरी असतात, स्क्रू ड्रायव्हर टेकला तर ठिणगी पडते. काम भर दुपारी उन्हात करावे, थंडीत नाही. वीस-तीस वर्षे उन्ह खाल्लेले प्लास्टिक गारठले की पापडासारखे मोडते. नॉबमागे सुतळीचा फास घालून सरळ आपल्याकडे ओढावा, वाकडा पिळू नये. पट्टी उचकटायला लोखंड नको, बांबूची कामटी बरी. कुठे अडली तर समजावे की एखादा स्क्रू राहिला आहे, बहुधा अॅश ट्रेच्या मागे नाहीतर रेडिओच्या जागेत.

पॅनेल पुढे आला की मागे केबली दिसतात. सायकलच्या ब्रेकची असते तशीच: आत तार, वर आवरण. एकही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा. मला वाटले होते, लक्षात राहील. राहिले नाही! दोरे वहिनींनी बांधले होते म्हणून निभावले.

मग केबल सोडून कॉक हाताने हलवून पाहावा. तो घट्ट असेल तर केबल निर्दोष आहे. तिथे जोर केला तर कॉकची मान मोडते आणि पाणी पायावर सांडते. कॉक सुटा फिरत असेल तर तार आवरणात गंजली असेल. वरून पातळ तेलाचे थेंब सोडून मागे-पुढे करावी. आमच्याकडे दोन्ही ठीक होते. आवरण धरून ठेवणारी नखाएवढी क्लिप तेवढी निसटली होती, त्यामुळे दांडी सरकवली की तारेऐवजी सगळी केबलच वाकून अडायची. दादाने पक्कडीने क्लिप दाबून बसवली. बसवताना दांडी थंडच्या टोकाला आणि कॉक पूर्ण बंद असावा, मग क्लिप आवळावी. नाहीतर कॉक अर्धवट उघडा राहतो आणि वैशाखात पाय भाजतात.

पॅनेल काढायला पाणी सोडावे लागत नाही. कॉक बदलायचा असेल तर मात्र ते निघते, आणि त्यात कूलंट असेल तर अंगणात सांडू नये, उघड्या घमेल्यात ठेवू नये. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, म्हणून कुत्रे, मांजर, वासरू चाटते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. झाकणाच्या डब्यात भरून लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावे. सांडलेच तर भरपूर माती टाकून ती उचलावी.

आता दांडी एका बोटाने सरकते. तुटलेला नॉब काही मिळाला नाही. पुतण्याने बाभळीच्या लाकडाचा एक तासून बसवला आहे, जरा मोठाच झाला आहे.