संकटग्रस्त क्लब आणि मॅनेजरचे मूल्यमापन : डर्बी कौंटीचा २०२१-२२ चा हंगाम

प्रस्तावना

फुटबॉलमधील साखळी स्पर्धेचा न्याय वरकरणी सोपा आहे. विजयास ३ गुण, बरोबरीस १, पराभवास शून्य. हंगामाअखेरीस गुणतक्ता तयार होतो आणि त्यावरून मॅनेजरचे भवितव्य ठरते. इंग्लंडमधील मॅनेजर हा केवळ प्रशिक्षक नसतो. संघनिवड व डावपेच त्याच्या हाती असतात आणि खेळाडूंच्या खरेदीतही त्याच्या मताला वजन असते. त्यामुळे अपयशाचे खापर त्याच्याच माथी फुटते. परंतु क्लबच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभा असेल, तर त्या तक्त्यातून मॅनेजरचे काम कितपत दिसते? प्रस्तुत लेखात डर्बी कौंटी हा क्लब व त्याचे तत्कालीन मॅनेजर वेन रूनी यांच्या उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

१८८४ मध्ये स्थापन झालेला डर्बी कौंटी हा १८८८ च्या फुटबॉल लीगच्या १२ संस्थापक क्लबांपैकी एक. १९७२ व १९७५ मध्ये तो इंग्लंडचा विजेता होता. अलीकडच्या काळात मात्र तो दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, अडकून पडला. प्रीमियर लीगमध्ये प्रवेश मिळवण्यासाठी मालकाने मोठा खर्च केला; २०१९ मध्ये बढतीचा अंतिम सामना अॅस्टन व्हिलाकडून गमावला गेला. पुढे कोविडमुळे प्रेक्षकांचे उत्पन्न आटले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये क्लबचा कारभार दिवाळखोरीविषयक कायद्यानुसार नेमलेल्या प्रशासकांकडे गेला. लीगच्या नियमानुसार याची शिक्षा म्हणून १२ गुण कापले गेले. नोव्हेंबरमध्ये हिशेबांतील नियमभंगाबद्दल आणखी ९ गुण गेले. या दोन्ही शिक्षांना कारण ठरलेल्या आर्थिक निर्णयांत मॅनेजरचा हात नव्हता.

गुणतक्त्याची साक्ष

हंगामाअखेरीस डर्बी ३४ गुणांसह २४ संघांत २३ व्या स्थानी राहिला आणि तिसऱ्या श्रेणीत घसरला. नोंदवहीत ही पदावनती रूनी यांच्या नावावर आहे. मैदानावरील हिशेब मात्र वेगळा आहे. ४६ सामन्यांत १४ विजय, १३ बरोबरी व १९ पराभव, म्हणजे ५५ गुण संघाने प्रत्यक्ष कमावले होते. इतक्या गुणांवर त्याला १७ वे स्थान मिळाले असते. श्रेणी टिकवणाऱ्या शेवटच्या संघाचे, रेडिंगचे, गुण होते ४१. त्यांचेही ६ गुण कापले गेले होते.

आदल्या, २०२०-२१ च्या हंगामाशी तुलना अधिक बोलकी आहे. तेव्हा डर्बीने ४४ गुण मिळवले, ३६ गोल केले व ५८ स्वीकारले आणि शेवटच्या दिवशी अवघ्या एका गुणाने पदावनती टाळली. त्या हंगामात नोव्हेंबरपासून, प्रथम हंगामी व नंतर कायम स्वरूपात, सूत्रे रूनी यांच्याकडेच होती. पुढील हंगामात साधने कमी झाली, तरी ११ गुण अधिक मिळाले. गोल ४५ झाले व स्वीकारलेले गोल ५३ वर आले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बास तेर वील यांनी डच लीगच्या १९८६ ते २००४ या काळाच्या अभ्यासात दाखवले की, पडत्या काळानंतर मॅनेजर बदलणाऱ्या क्लबांत जी सुधारणा दिसते, ती न बदलणाऱ्या क्लबांतही दिसते. तळाला गेलेला संघ काहीसा आपोआपही वर येतो. ११ गुणांची सारी वाढ कर्तृत्वाच्या खात्यावर मांडता येणार नाही.

मोजता न येणारा भाग

कापलेले २१ गुण परत मिळवून पाहणे सोपे. उरलेला परिणाम मोजणे कठीण. खरेदीवरील निर्बंधांमुळे रूनी यांना मुख्यतः विनामूल्य उपलब्ध खेळाडूंवर व क्लबच्या युवा संघातून आलेल्या मुलांवर भिस्त ठेवावी लागली. ३९ वर्षांचा बचावपटू फिल जगिएल्का हा संघाचा आधार होता; पण त्याचा अल्पमुदतीचा करार वाढवता न आल्याने जानेवारी २०२२ मध्ये तो गेला. त्याच महिन्यात ग्रॅमी शिनी यालाही विकावे लागले. अशा संघाकडून किती गुणांची अपेक्षा रास्त होती, याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नाही.

याची दुसरी बाजू सहानुभूतीच्या भरात नजरेआड होते. संकट केवळ ओझे नसते. ते संघाला बांधूनही ठेवते. ३० जानेवारी २०२२ रोजी सुमारे ३२ हजार प्रेक्षकांसमोर डर्बीने बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढली. बरोबरीचा गोल क्रिस्टियन बिएलिक याने जादा वेळेत केला. एरवी दुसऱ्या श्रेणीतील तळाच्या संघाला एवढी गर्दी क्वचितच लाभते. शिवाय अपेक्षा शून्यावर आल्या की प्रत्येक गुण कमाई वाटतो. युवा खेळाडूंना संधी देण्याचे श्रेय रूनी यांना भरभरून मिळाले, पण तो त्यांचा विचार किती आणि नाइलाज किती, हे सांगणे अवघड आहे. त्या मुलांना घडवणे व पगाराचीही शाश्वती नसताना संघ एकत्र ठेवणे हे काम मात्र त्यांचेच. जानेवारीत एव्हर्टनने मुलाखतीसाठी विचारणा केली असता त्यांनी ती नाकारली, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

पुढील कारकिर्दीचा पुरावा

रूनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम सिटीकडे आले, तेव्हा तो क्लब सहाव्या स्थानी होता व नव्या मालकांकडे पैसा होता. १५ सामन्यांत केवळ २ विजय मिळाले, संघ विसाव्या स्थानावर घसरला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. प्लिमथ अर्गाइल येथील कारकीर्दही त्याच वर्षाच्या अखेरीस, संघ तळाशी असताना संपली. यावरून डर्बीचे यश फसवे होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो घाईचा निष्कर्ष ठरेल. १५ सामन्यांचा नमुना लहान असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बुडत्या क्लबमध्ये माणसे धरून ठेवणे आणि सुस्थित संघाची खेळण्याची पद्धत बदलणे, ही दोन निराळी कामे आहेत. डर्बीत रूनी यांच्याकडून पहिल्याची अपेक्षा होती, बर्मिंगहॅममध्ये दुसऱ्याची. एकाच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्याचा निकाल लावण्याची चूक प्रथम त्यांच्या स्तुतिपाठकांनी केली, नंतर टीकाकारांनी.

डर्बीत ते फार थांबले नाहीत. जून २०२२ च्या अखेरीस त्यांनी पद सोडले आणि जेमतेम आठवड्याभरात, १ जुलै रोजी, स्थानिक उद्योजक डेव्हिड क्लोज यांनी क्लब विकत घेतला. फेस्टी एबोसेले व ली ब्युकॅनन हे तरुण खेळाडू त्या उन्हाळ्यात अनुक्रमे इटली व जर्मनीतील क्लबांत गेले. डर्बी कौंटी २०२४ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये परतला, तेव्हा मॅनेजर पॉल वॉर्न होते.